माळ्यावरच्या ऊयावर लिनक्स: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

गणपतीचं मखर काढायला माळ्यावर चढलो आणि मखराच्या मागे ऊया सापडला, म्हणजे टीव्हीला जोडायचा, अँड्रॉइडवर चालणारा खेळांचा कन्सोल. मावसभावाने अमेरिकेहून येताना आणलेला हा डबा. दोन महिने आम्ही त्यावर खेळलो, मग तो टीव्हीमागून कपाटात आणि कपाटातून माळ्यावर गेला. मुठीपेक्षा थोडा मोठा चौकोनी ठोकळा. पण आत चार गाभ्यांचा टेग्रा ३ प्रोसेसर, १ जीबी रॅम, ८ जीबी साठवण, एचडीएमआय, नेटवर्कची केबल लावायची जागा, वायफाय आणि ब्लूटूथ. यावर डेबियन हे लिनक्स चालवायचं म्हणून बसलो. वाटेत ज्या ज्या ठिकाणी डोकं आपटलं, ती सगळी खाली लिहिली आहेत.

थोडी पार्श्वभूमी हवीच. जुलै २०१२ मध्ये किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर ऊयासाठी साडेनऊ लाख डॉलर मागितले गेले आणि ६३,४१६ लोकांनी मिळून जवळपास ८६ लाख डॉलर दिले. जून २०१३ मध्ये ९९ डॉलरला तो दुकानांत आला. २०१५ मध्ये रेझर या कंपनीने त्याचं सॉफ्टवेअर आणि माणसं घेतली आणि २५ जून २०१९ ला सर्व्हर बंद झाले. आपल्या कामाची गोष्ट मात्र पहिल्या दिवसापासून उघड सांगितलेली होती: हा कन्सोल रूट करणं, म्हणजे त्यावर सर्वाधिकार मिळवणं, सोपं आहे, आणि रूट केल्याने वॉरंटी जाणार नाही. असं छातीठोकपणे सांगणारे उत्पादक तेव्हाही थोडेच होते. म्हणून शिकायला ऊया चांगला. कुलूप फोडण्यात वेळ जात नाही, खरं काम लगेच सुरू होतं.

तुमच्याकडे ऊया नसून अलीकडचा हातात धरायचा कन्सोल असेल, उदाहरणार्थ अँबरनिकचा आरजी३५३पी किंवा आरजी३५३व्ही, तर रूटच्या भानगडीत पडूच नका. त्यांत अँड्रॉइड आतल्या साठवणीत असतं आणि मेमरी कार्डावरून लिनक्स सुरू होतं. कार्ड घाला, चालू करा, संपलं. हा लेख ज्यात कार्डाची खाचच नाही अशा ऊयासाठी आहे.

आणखी एक. कमांड मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या इंग्रजी लहान अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाइप करायच्या. जिथे मोठी अक्षरं लागतात तिथे तसं सांगितलं आहे.

सगळ्यात आधी: हे करू नका

फॅक्टरी रीसेट करू नका. जुनं यंत्र हाती आलं की पहिला मोह तोच होतो, ‘एकदा साफ करून घेऊ’. रीसेटनंतर ऊया खातं मागतो, खात्यासाठी सर्व्हर शोधतो, आणि तो सर्व्हर २०१९ पासून नाही. तुम्ही त्या पहिल्याच पडद्यावर अडकता. चाहत्यांनी पर्यायी सर्व्हर उभे केले आहेत आणि एका कॉन्फिग फाइलमध्ये त्यांचा पत्ता देऊन सुटकाही होते, पण चालू असलेलं यंत्र उगाच त्या वाटेला कशाला न्यायचं?

दुसरं, ऊयाला एकच बटण आहे, डोक्यावरचं पॉवरचं. फोनमध्ये आवाजाचं बटण दाबून धरलं की फास्टबूट (संगणकावरून आदेश घेणारी अवस्था) किंवा रिकव्हरी (दुरुस्तीची छोटी यंत्रणा) उघडते. इथे दाबून धरायला बटणच नाही. म्हणजे आतल्या साठवणीतला कर्नल, म्हणजे यंत्र चालवणारा मूळ प्रोग्राम, बिघडवलात, तर बाहेरून दार उघडायला कडी नाही. ऊयाची वीट झाल्याच्या, म्हणजे तो कायमचा निकामी झाल्याच्या, बहुतेक कहाण्यांचं मूळ इथेच आहे. म्हणून या लेखात आपण आतल्या साठवणीतल्या कर्नलला हात लावणार नाही. एकदाही नाही.

काय काय लागेल

लिनक्स असलेला एक संगणक. विंडोजवरूनही जमतं, पण ऊयाच्या ड्रायव्हरसाठी आयएनएफ फाइलमध्ये हाताने ओळी घालायच्या, मग विंडोज त्या सहीवरून हुज्जत घालणार. शिवाय पुढे डेबियनची पेनड्राइव्ह तयार करायला लिनक्स लागणारच. लॅपटॉपवर लिनक्स नसेल तर लाइव्ह पेनड्राइव्हवरून सुरू करा. मग एडीबी (केबलवरून अँड्रॉइडला कमांड देणारं साधन) आणि फास्टबूट ही दोन पॅकेजं टाकून घ्या.

मायक्रो यूएसबी केबल, आणि ती डेटाची हवी. जुन्या चार्जरबरोबर आलेल्या कितीतरी केबलींमधून फक्त वीज जाते. संगणकाला यंत्र दिसत नसेल तर ड्रायव्हरला शिव्या घालण्याआधी केबल बदलून पाहा.

किमान ८ जीबीची पेनड्राइव्ह. एक यूएसबी हब, कारण ऊयाला मोठं यूएसबी पोर्ट एकच आहे. आणि तारेचा, पूर्ण आकाराचा, साधा कीबोर्ड, ज्यावर प्रिंट स्क्रीनच्या बटणावरच ‘सिसआरक्यू’ असतं. तो कशाला ते पुढे येईल.

अमेरिकेहून आलेला ऊया असेल तर अडॅप्टरवरची बारीक अक्षरं वाचा. इनपुट १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असेल तर फक्त पिनचा कन्व्हर्टर पुरतो.

जोडणी

ऊयाच्या मॅनेज मेनूतून सिस्टिममध्ये जा, तिथून प्रगत भागात गेलात की मूळ अँड्रॉइडची सेटिंग उघडते. डेव्हलपर पर्यायांत यूएसबी डीबगिंग चालू करा. केबल लावा आणि संगणकावर:

एडीबी डिव्हायसेस

एक क्रमांक आणि त्यापुढे ‘डिव्हाइस’ असं दिसलं की झालं. ‘नो परमिशन्स’ आलं तर दोष ऊयाचा नाही, तुमच्या लिनक्सने त्या यूएसबी यंत्राला हात लावायची परवानगी दिलेली नाही. कायमचा उपाय म्हणजे यूडेव्हचा, म्हणजे लिनक्समधल्या यंत्रं ओळखणाऱ्या सेवेचा, नियम लिहिणं. त्यात ऊयाचा उत्पादक क्रमांक २८३६ द्यायचा. घाईचा उपाय म्हणजे एडीबीचा सर्व्हर थांबवून तो सूडोने, म्हणजे रूटच्या अधिकाराने, पुन्हा सुरू करणं. जुन्या लेखांत एडीबीच्या एका आयएनआय फाइलमध्ये हाच क्रमांक लिहायला सांगतात. तेव्हाच्या एडीबीला ते लागायचं.

फोनवर ‘या संगणकावर विश्वास ठेवायचा का’ अशी चौकट येते, ती इथे येणार नाही. ती अँड्रॉइड ४.२.२ पासून आली आणि ऊया ४.१ वर आहे. आपल्यासाठी सोय, पण याचा अर्थ असाही की केबल घेऊन समोर बसलेला कुणीही तुमच्या ऊयात शिरू शकतो. तेव्हा डीबगिंग चालू ठेवून हा डबा कुणाला देऊ नका.

रूट: वाटतं तेवढं नाही

एडीबी शेल

डॉलरचं चिन्ह येईल. आता टाइप करा:

एसयू

डॉलर जाऊन हॅश चिन्ह आलं? तुम्ही रूट आहात. एवढंच. फोन रूट करताना लोक रात्र जागवतात, इथे दोन अक्षरं.

हे इतकं सोपं का, ते समजून घ्या, कारण पुढचा गोंधळ त्यातूनच होतो. ऊयात एसयू, म्हणजे रूट देणारा प्रोग्राम, आधीपासून आहे, पण तो मूळ अँड्रॉइडच्या छापाचा. तो विचारणाऱ्याचा क्रमांक पाहतो. विचारणारा रूट असेल किंवा एडीबीचा शेल असेल तरच आत घेतो. अँड्रॉइडमध्ये ॲपना १०,००० पासून पुढचे क्रमांक मिळतात. त्यामुळे एखाद्या टर्मिनल ॲपमधून एसयू मागितलंत तर ‘या क्रमांकाला एसयूची परवानगी नाही’ असं तुटक उत्तर येतं. मग मंडळी म्हणतात, ‘माझा ऊया रूट झालाच नाही!’ झालेला असतो, फक्त ॲपसाठी नसतो.

ॲपसाठीही हवा असेल तर सिस्टिमचा भाग लिहिण्याजोगा माउंट करायचा (म्हणजे जोडायचा), सुपरयूजर प्रकारच्या ॲपबरोबर येणारा एसयू मूळ एसयूच्या जागी ठेवायचा आणि त्याला ६७५५ अशी परवानगी द्यायची. त्या सहाचा अर्थ असा: ही फाइल कुणीही चालवली तरी ती मालकाच्या, म्हणजे रूटच्या, अधिकाराने चालते. अँड्रॉइड ४.३ पासून ॲपसाठी ही युक्ती बंद झाली, म्हणून नंतरच्या फोनवर एसयूला पडद्यामागे एक सेवक कायम चालू ठेवावा लागला. ऊया त्या आधीचा, म्हणून इथे साधं गणित चालतं.

माझं मत विचाराल तर हे करू नका. आपल्याला लिनक्स चालवायचं आहे आणि त्याला एडीबीतून मिळणारा रूट पुरेसा आहे. सिस्टिमच्या भागात जितकं कमी लिहाल तितकं कमी निस्तरावं लागेल.

आतल्या साठवणीची प्रत

रूट मिळाल्यावर पहिलं काम प्रत काढण्याचं. टेग्रा यंत्रांत भागांची नावं विचित्र असतात: एलएनएक्स म्हणजे कर्नल, एसओएस म्हणजे रिकव्हरी, एपीपी म्हणजे सिस्टिम, यूडीए म्हणजे तुमचा डेटा. एसओएस हे नाव ज्याने ठेवलं त्याला विनोदबुद्धी असावी. हे सगळे भाग या वाटेवर सापडतात:

/डेव्ह/ब्लॉक/प्लॅटफॉर्म/एसडीएचसीआय-टेग्रा.३/बाय-नेम/

या वाटेच्या शेवटी भागाचं तीन अक्षरी नाव जोडायचं, ते मोठ्या अक्षरांत. एलएनएक्स आणि एसओएस हे दोन, जशीच्या तशी प्रत काढणाऱ्या डीडी कमांडने एसडीकार्ड फोल्डरमध्ये उतरवा, मग हॅश शेलमधून बाहेर येऊन एडीबी पुलने संगणकावर घ्या. डीडीमध्ये ‘आयएफ’ म्हणजे कुठून आणि ‘ओएफ’ म्हणजे कुठे. एंटर मारण्याआधी हे दोन बोट ठेवून वाचा. उलटं झालं तर प्रत निघायच्या ऐवजी मूळ पुसलं जातं, आणि डीडी ‘नक्की ना?’ असं विचारत नाही. दोन्ही बाजूंना एमडी५ (फाइलचा ठसा) काढून आकडे जुळतात का पाहा.

परतीची वाट

आता तो सिसआरक्यूवाला कीबोर्ड. लिनक्स कर्नलमध्ये थेट कर्नलशी बोलायची एक जुनी सोय आहे: ऑल्ट, सिसआरक्यू आणि एक अक्षर एकत्र. अक्षर आय असेल तर कर्नल पहिली प्रक्रिया, म्हणजे इनिट, सोडून बाकी सगळ्या प्रक्रिया मारून टाकतो. आणि अँड्रॉइडच्या इनिटचा एक नियम आहे: ‘क्रिटिकल’ असा शिक्का असलेली सेवा चार मिनिटांत चारपेक्षा जास्त वेळा मेली, तर यंत्र रिकव्हरीत सुरू करायचं. दोन्ही एकत्र जोडा. कीबोर्ड लावून ऑल्ट-सिसआरक्यू-आय पुन्हा पुन्हा दाबत राहिलं की सेवा उठतात, मरतात, उठतात, मरतात, शेवटी इनिट कंटाळतो आणि रिकव्हरीत नेतो. मेनू दिसला नाही तर कीबोर्डवरचं होम बटण दाबा.

हे काही बिघडायच्या आधी एकदा करून पाहा. लॅपटॉपचा छोटा बाहेरचा कीबोर्ड घेऊन बसलात तर त्यावर सिसआरक्यू नाही हे तेव्हाच कळतं. रात्री दीड वाजता नाही. पण लक्षात घ्या, या युक्तीला कर्नल जिवंत लागतो. कर्नलच मेला तर कीबोर्ड ऐकणार कोण? म्हणूनच एलएनएक्सला हात लावायचा नाही असं वर म्हटलं.

पोटभाडेकरू लिनक्स

ऊयावर लिनक्स चालवायच्या दोन तऱ्हा आहेत. पहिलीत अँड्रॉइड घरमालक राहतो आणि लिनक्स पोटभाडेकरू. कर्नल अँड्रॉइडचाच, वर फक्त डेबियनची माणसं राहायला येतात. याला सीएचरूट म्हणतात. दुसऱ्या तऱ्हेत घरच बदलतं, कर्नलसकट. सुरुवात पहिल्याने करा.

पोटभाडेकरू ठेवताना घरमालकाचे नियम पाळावे लागतात, आणि ऊयाचा मालक जुन्या वळणाचा आहे. शेलमध्ये ‘यूनेम -ए’ करून पाहा (बिझीबॉक्स, म्हणजे पुढे टाकणार आहोत ते कमांडचं गाठोडं, अजून नसेल तर /प्रॉक/व्हर्जन ही फाइल वाचा). कर्नल ३.१.१० दिसेल. या आकड्यावर माझे दोन दिवस गेले. मी ताजं डेबियन घेतलं, सगळं नीट मांडलं, आत शिरायला गेलो, तर एकच ओळ: ‘फेटल: कर्नल टू ओल्ड’. कारण असं की डेबियनमधला जवळजवळ प्रत्येक प्रोग्राम जीलिबसी या ग्रंथालयावर उभा असतो, आणि जीलिबसीने आवृत्ती २.२४ पासून आर्म प्रोसेसरसाठी कर्नल किमान ३.२ हवा अशी अट घातली. आपला ३.१. एका आकड्याने हुकलं! डेबियन ९ मध्ये नेमकं २.२४ आहे. डेबियन ८, म्हणजे जेसी, मध्ये २.१९ आहे आणि ते चालतं.

तेव्हा जेसी. ते जुनं आहे आणि त्याला सुरक्षेचे अपडेट येत नाहीत, त्यामुळे या यंत्राला थेट इंटरनेटवर उघडं ठेवायचं नाही, बँकेचं काही करायचं नाही. ताजंच हवं असेल तर आल्पाइन लिनक्स पाहा. ते जीलिबसीऐवजी मसल वापरतं आणि मसल कर्नलचा आकडा विचारून दार लावत नाही. मी डेबियनचा जुना माणूस, म्हणून पुढची कृती जेसीची.

पेनड्राइव्ह संगणकाला लावा आणि ‘एलएसबीएलके’ने तिचं नाव नक्की करा. आकारावरून ओळखा, अंदाजाने नाही. पहिल्या प्रयत्नात मी एसडीबीच्या जागी एसडीसी लिहिलं आणि लग्नाच्या फोटोंची हार्ड डिस्क फॉरमॅट केली. प्रत होती म्हणून हा लेख शांतपणे लिहितोय.

पेनड्राइव्हवर एकच भाग करा आणि तो एक्स्ट३ या लिनक्सच्या फाइल मांडणीत फॉरमॅट करा. एक्स्ट४ का नाही? कारण २०१६ नंतरची एमकेएफएस साधनं एक्स्ट४ बनवताना मेटाडेटाची चेकसम वगैरे नवी वैशिष्ट्यं आपोआप घालतात. ३.१ च्या कर्नलला ती कळत नाहीत आणि तो माउंट करायला नकार देतो. एक्स्ट३ मध्ये ती भानगड नाही. गंमत म्हणजे ऊयावर माउंट करताना प्रकार एक्स्ट४ सांगितला तरी चालतो, कारण एक्स्ट४ चा ड्रायव्हर एक्स्ट३ वाचतो.

आता संगणकावर डीबूटस्ट्रॅप हे साधन टाका आणि पेनड्राइव्ह माउंट करून जेसी उतरवा. त्यात चार गोष्टी सांगायच्या असतात. आर्किटेक्चर, म्हणजे प्रोसेसरचा प्रकार, आर्मएचएफ. ‘फॉरेन’ हा पर्याय, म्हणजे ‘अर्धंच काम इथे कर, उरलेलं खऱ्या यंत्रावर करीन’. आवृत्तीचं नाव जेसी. आणि डेबियनच्या जुन्या आवृत्त्यांच्या आर्काइव्हचा पत्ता, कारण नेहमीच्या सर्व्हरवरून जेसी केव्हाच काढून टाकली आहे. सह्यांच्या चाव्यांची मुदत संपल्यामुळे तक्रार येईल. ‘नो-चेक-जीपीजी’ देऊन पुढे जा.

एक साधन ऊयावरही हवं. अँड्रॉइडच्या स्वतःच्या टूलबॉक्समध्ये आपल्याला लागणाऱ्या कितीतरी कमांड नाहीत. जेसीचंच बिझीबॉक्स-स्टॅटिक हे आर्मएचएफ पॅकेज उतरवा, डीपीकेजी-डेबने उघडा, त्यातली एकच बिझीबॉक्स फाइल काढा आणि एडीबी पुशने ऊयाच्या /डेटा/लोकल/टीएमपी मध्ये टाका. तिला ७५५ परवानगी द्या. इथेही पॅकेज जेसीचंच घ्या, नव्या बिझीबॉक्सच्या पोटातही तेच नवं ग्रंथालय असतं.

पेनड्राइव्ह ऊयाला लावा. एक्स्ट३ म्हणजे काय हे ऊयाच्या पडद्यावरच्या व्यवस्थेला कळत नाही, ती गप्प बसेल. आपल्याला तेच हवंय. एडीबी शेल, एसयू, मग /डेटा मध्ये डेबियन नावाचं फोल्डर करा आणि /डेव्ह/ब्लॉक/एसडीए१ तिथे माउंट करा.

मग आत शिरा:

/डेटा/लोकल/टीएमपी/बिझीबॉक्स सीएचरूट /डेटा/डेबियन /बिन/बॅश

शेवटचं /बिन/बॅश विसरलात तर सीएचरूट अँड्रॉइडचा शेल शोधायला जातो, तो आत नसतो, आणि ‘अशी फाइल नाही’ असं उत्तर मिळतं. आत गेल्यावर ‘एलएस’ मारलं आणि तेही सापडलं नाही? घाबरू नका. पाथ, म्हणजे कमांड शोधायच्या जागांची यादी, अजून अँड्रॉइडचा आहे. त्याला /यूएसआर/एसबिन, /यूएसआर/बिन, /एसबिन आणि /बिन हे चारही पत्ते एक्सपोर्ट करून द्या. होम /रूट करा, टर्म लिनक्स करा. पाथ, होम आणि टर्म ही तिन्ही नावं मोठ्या अक्षरांत.

आता राहिलेलं अर्धं काम:

/डीबूटस्ट्रॅप/डीबूटस्ट्रॅप --सेकंड-स्टेज

याला वेळ लागतो. चहा करा, प्या, कप धुऊन ठेवा, तरी चालूच असेल. पेनड्राइव्ह जितकी स्वस्त तितका चहा जास्त.

ते संपल्यावर एक्झिट करून बाहेर या आणि बिझीबॉक्सच्या माउंटने प्रॉक, सिस, डेव्ह आणि डेव्ह/पीटीएस हे कर्नलचे चार फोल्डर आत जोडून द्या. डेव्ह बाइंड करून. हा क्रम मुद्दाम असा आहे. दुसरा टप्पा आत डेव्हच्या फाइली स्वतः बनवू पाहतो, तेव्हा तिथे अँड्रॉइडचं खरं डेव्ह जोडलेलं नसलेलं बरं.

दर वेळी इतकं टाइप करायचं नाही. या सगळ्या ओळी एका फाइलमध्ये लिहून ती बिझीबॉक्सशेजारी ठेवा.

नेट का चालत नाही

आत शिरलात, ‘ॲप्ट-गेट अपडेट’ मारलं, आणि नावंच सापडत नाहीत. अँड्रॉइड डीएनएसचे, म्हणजे संकेतस्थळांची नावं शोधून देणाऱ्या सर्व्हरचे, पत्ते स्वतःच्या पद्धतीने ठेवतं, डेबियन ते /ईटीसी/रिझॉल्व्ह.कॉन्फमध्ये शोधतं. तिथे नेमसर्व्हर म्हणून तुमच्या राउटरचा किंवा ८.८.८.८ हा पत्ता लिहा. सोर्सेस.लिस्टमध्ये आर्काइव्हचा पत्ता आहे ना ते पाहा आणि ॲप्टच्या कॉन्फिगमध्ये ‘चेक-व्हॅलिड-अन्टिल’ फॉल्स करा, नाहीतर ही यादी शिळी आहे म्हणून तो अडून बसतो. चाव्यांची तक्रार इथेही येईल. पॅकेज टाकताना ‘सही नसली तरी चालेल’ असं स्पष्ट सांगावं लागतं.

यानंतर सगळं सुरळीत वाटतं. तुम्ही शहाण्यासारखा एक साधा यूजर बनवता, त्याच्या नावाने शिरता, आणि नेट गायब. रूटला चालतं, यूजरला नाही. मला हा प्रकार भुताटकी वाटला होता. कारण अगदी साधं: अँड्रॉइडच्या कर्नलमध्ये नेटवर्क वापरायलाही परवानगी लागते, आणि ती गटाच्या क्रमांकावरून ठरते. ॲप टाकताना ‘इंटरनेट’ची परवानगी दिसायची, ती आतून ३००३ हा गट असते. डेबियनला हा गट ठाऊक नाही. तेव्हा आत ग्रुपॲडने ३००३ क्रमांकाचा गट बनवा, नाव काहीही द्या, आणि यूजरला त्यात घाला. पिंगसारख्या कच्च्या सॉकेटच्या कामासाठी ३००४. बाहेर पडून पुन्हा शिरा.

आता दुसऱ्या संगणकावरून आत शिरू देणारा ओपनएसएसएच-सर्व्हर टाका आणि ‘सर्व्हिस एसएसएच स्टार्ट’ करा. सिस्टिमडी, म्हणजे डेबियनमधला सेवा चालवणारा मुकादम, इथे चालत नाही, कारण पहिली प्रक्रिया अँड्रॉइडची आहे. म्हणून जुन्या पद्धतीचे सर्व्हिस आदेशच वापरायचे. यूजरला पासवर्ड देऊन ठेवा. आता केबल काढून टाका, लॅपटॉपवरून घरच्या नेटवर्कमधून थेट ऊयात शिरा. इथून पुढे तो एक छोटा, आवाज न करणारा डेबियन सर्व्हर आहे: फाइली वाटायला, पायथन शिकायला, रात्रभर काहीतरी उतरवत ठेवायला.

डेस्कटॉप हवा असेल तर एलएक्सडीई हा हलका डेस्कटॉप आणि टाइटव्हीएनसीसर्व्हर टाका. एचडीएमआय अँड्रॉइडच्या ताब्यात असतं, म्हणून डेस्कटॉप दुसऱ्या संगणकावर व्हीएनसीने पाहायचा. १ जीबी रॅममधली बरीच अँड्रॉइडने आधीच धरलेली असते, तेव्हा ब्राउझरकडून फार अपेक्षा नको. पण फॉन्ट्स-लोहित-देवा हे पॅकेज टाकलं आणि लोकॅल (भाषेची निवड) एमआर_आयएन केलं (‘आयएन’ मोठ्या अक्षरांत) की मेनू मराठीत दिसतात, आणि खेळण्याच्या डब्यावर ‘फाइल’, ‘संपादन’ वाचताना मजा वाटते.

पेनड्राइव्ह ओढून काढायच्या आधी: सर्व्हिस थांबवा, आतून बाहेर या, चारही जोडलेले भाग उलट्या क्रमाने अनमाउंट करा, शेवटी पेनड्राइव्ह. ‘बिझी’ म्हणून नकार आला तर आत कुठली तरी प्रक्रिया अजून जिवंत आहे.

घरच बदलायचं असेल तर

जुन्या कर्नलचा कंटाळा आला की दुसरी तऱ्हा. ऊयाचा डिव्हाइस ट्री (हार्डवेअरचं वर्णन) आज मूळ लिनक्स कर्नलमध्ये आहे, म्हणजे ताजा कर्नल या यंत्राला ओळखतो. पोस्टमार्केटओएस या आल्पाइनवर उभ्या असलेल्या प्रकल्पात ऊयासाठी पोर्टही आहे. सुरू करण्याआधी त्यांच्या विकीवर ऊयाचं पान उघडून काय चालतं आणि काय नाही ते वाचा. खेळ खेळता येतील अशा ग्राफिक्सची आशा धरू नका.

त्यांचं पीएमबूटस्ट्रॅप हे साधन संगणकावर घ्या. ‘इनिट’ केल्यावर ते एकामागून एक प्रश्न विचारतं. उत्पादक ऊया, यंत्रही ऊया. मग ‘इन्स्टॉल’ला डिस्कचा पर्याय देऊन रिकाम्या पेनड्राइव्हवर लिहायला सांगा. एलएसबीएलके आणि माझे लग्नाचे फोटो आठवा.

पेनड्राइव्ह ऊयाला लावा, केबल संगणकाला, आणि अँड्रॉइड चालू असताना:

एडीबी रीबूट बूटलोडर

टीव्हीवर मेनू येईल म्हणून वाट पाहत बसू नका. संगणकावर ‘फास्टबूट डिव्हायसेस’ मारा, क्रमांक दिसला की आपण योग्य जागी आहोत. मग:

पीएमबूटस्ट्रॅप फ्लॅशर बूट

यात ‘फ्लॅशर’ हा शब्द असला तरी शेवटचा ‘बूट’ महत्त्वाचा. हा कर्नल यूएसबीवरून रॅममध्ये जातो आणि तिथूनच चालतो, साठवणीत लिहिला जात नाही. बूटच्या जागी ‘फ्लॅश_कर्नल’ लिहिलंत तर तो एलएनएक्सवर बसेल, आणि चालला नाही तर वरची कीबोर्डची युक्तीही गेली. पोस्टमार्केटओएस दर वेळी असं केबलने सुरू करणं कटकटीचं आहे, मान्य. मी अजूनही तसंच करतो.

थोडा वेळ पडदा काळा राहतो, मग ओळी सरकू लागतात आणि लॉगिन येतं. ‘यूनेम -ए’ मारा, ३.१.१० च्या जागी आजचा आकडा दिसेल. खेळून झालं की पॉवरऑफ करा, पेनड्राइव्ह काढा आणि डोक्यावरचं बटण दाबा. ऊयाचा लोगो येतो आणि अँड्रॉइड जसं सोडलं होतं तसंच उघडतं.